कामावर जाणाऱ्या सायकलला साइडपट्टी हवी

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्रामीण रस्त्यांविषयी वाचकांच्या पत्रांत जे छापून येते ते बहुधा खड्ड्यांविषयी असते आणि त्या तक्रारी खऱ्याच आहेत. मला मात्र रस्त्याच्या कडेविषयी लिहायचे आहे. डांबर जिथे संपते तिथपासून नालीपर्यंत मुरुमाची जी पट्टी असते, किंवा असायला हवी, तिच्याविषयी. मी यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागात एका खेड्यात राहते आणि आठ किलोमीटरवरच्या मोठ्या गावातील शाळेत लिपिक म्हणून काम करते. वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, मी आयुष्यात पहिल्यांदा सायकलने नोकरीवर जाऊ लागले. हिवाळा, उन्हाळा आणि आता पावसाळा असे तिन्ही ऋतू त्या रस्त्यावर पाहून झाल्यावर माझी खात्री झाली आहे की, पाच-दहा किलोमीटरवर कामाला जाणाऱ्या आमच्या भागातील पुष्कळ माणसांना, विशेषतः बायकांना, सायकल अगदी जमण्यासारखी आहे. त्यांची वाट ऊन किंवा वय यांपेक्षा रस्त्याच्या खचलेल्या साइडपट्टीने अधिक अडवली आहे.

सायकलकडे मी हौसेने वळले नाही. आमच्या गावाला एसटीच्या मोजक्याच फेऱ्या आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते आणि त्या सवलतीचा माझ्यासारख्या अनेकींना मोठा आधार झाला, हे मी मनापासून नमूद करते. परंतु आमची शाळा साडेदहाला भरते, सकाळची गाडी आठलाच येऊन जाते आणि त्यानंतरची गाडी शाळेची प्रार्थना संपल्यावर पोचते. मधल्या वेळेत काळीपिवळी मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि ती किती भरते हे खेड्यातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा तर नोकरदार बायकांनी ज्याच्या त्याच्या विनवण्या करून दिवस काढले. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी गाडी, जिला सारे शकुंतला म्हणतात, तीही बंद पडलेली आहे. घरची मोटारसायकल यजमानांना शेतीच्या कामाला लागते. रोज दुसऱ्याच्या वेळेवर विसंबून राहण्यापेक्षा आपल्या वेळेवर निघता यावे एवढीच माझी गरज होती, आणि ती भागवणारे साधन घरातच उभे होते.

ती सायकल माझ्या मुलीची. ती आता अमरावतीला शिकते आणि तिची सायकल गोठ्याच्या पडवीत कडब्याआड पडून होती. अशा सायकली आमच्या गावात घरोघरी आहेत. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळत आल्या आहेत, आणि ज्यांना योजनेतून मिळाली नाही त्यांच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ती विकत घेतली आहे. मुलींच्या हाती सायकल दिल्याने काय घडते याचा चांगला अभ्यास बिहारमध्ये झाला आहे. तिथे २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि शाळा लांब असलेल्या गावांत हा लाभ अधिक झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजे अंतर हीच अडचण होती आणि सायकलने ती कमी केली. मग हीच मुलगी पुढे अंगणवाडी सेविका होते, आशा होते, शिक्षिका होते, तालुक्याच्या दुकानात किंवा दवाखान्यात नोकरीला लागते, तेव्हा तिच्या वाटेतले अंतर काही कमी झालेले नसते. फक्त सायकल सुटलेली असते. बारावीचा निकाल लागला की सायकल पडवीत जाते आणि बाई फाट्यावर गाडीची वाट पाहत उभी राहते, हे मला फार चुकीचे वाटते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे लिहिते, कारण या गोष्टी कोणी सांगत नाही. वर्षभर उभ्या राहिलेल्या सायकलवर तशीच टांग टाकून निघू नये. टायरच्या बाजूला भेगा पडल्या आहेत का, ब्रेकचे रबर कडक झाले आहे का, चेन कोरडी पडून गंजली आहे का, हे दुकानात दाखवून घ्यावे आणि चाकांच्या व पॅडलच्या गोळ्यांना ग्रीस भरून घ्यावे. आमच्या बाजारच्या गावातल्या सायकल दुकानदाराने हे सारे एका दुपारी करून दिले आणि एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला सर्वांत उपयोगी पडली. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात, त्यामुळे गुडघे पूर्ण वाकलेले राहतात, पायाची पूर्ण ताकद पॅडलवर पडत नाही आणि दोन-तीन किलोमीटरमध्येच मांड्या भरून येतात. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा इतकी सीट वर हवी. चढावर उतरावे लागणाऱ्या बाईला आपले वय झाले असे वाटते, पण बऱ्याचदा दोष सीटचा असतो. हवेचेही तसेच आहे. टायरच्या बाजूवर किती दाब हवा ते छापलेले असते. त्यापेक्षा कमी हवेत सायकल जड चालते, खड्ड्यात रीम बसते आणि ट्यूब फाटते. चांगला हातपंप घरी असला की हा प्रश्न मिटतो.

पहिल्यांदा जाताना सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना, तोच रस्ता जाऊन पाहावा. कुठे चढ आहे, कुठे सावलीला झाड आहे, कुठे हातपंप चालू आहे, कोणत्या वस्तीजवळ कुत्री मागे लागतात, हे आधी कळले की पहिल्या कामाच्या दिवशी जीव घाबरा होत नाही. पिशवी पाठीला न अडकवता मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधावी, म्हणजे पाठ घामाने भिजत नाही. मी सलवार-कमीज घालते आणि दुपट्टा दोन्ही टोकांनी बांधून घेते. माझ्या ओळखीच्या एक अंगणवाडी सेविका नऊवारी नव्हे पण पाचवारी साडीवर सायकल चालवतात. त्यांनी चेनला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली आहे, आणि हा खर्च फार नाही.

आठ किलोमीटरला मला सुरुवातीला पाऊण तासाहून जास्त लागत असे, आता चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. मोटारसायकलने हे अंतर पंधरा मिनिटांचे आहे हे खरे, पण मोटारसायकल मला उपलब्ध नाही आणि काळीपिवळीची वाट पाहण्यात याहून अधिक वेळ जात होता. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी गाडी धरली तरी रोजच्या सोळा किलोमीटरला तीस-पस्तीस रुपये आणि महिन्याला आठशेच्या घरात खर्च येतो. ज्या घरात अंगणवाडी मदतनिसाचे किंवा दुकानातल्या कामाचे मानधनच काही हजारांत आहे, तिथे हे आठशे रुपये मोठे असतात. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यानेही थोडा फरक पडला आहे. प्रकृतीविषयी एवढेच सांगते की जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि तो माझा नोकरीवर जाता-येताच पुरा होतो. आमच्याकडे शेतातल्या बाईला व्यायाम सांगावा लागत नाही, पण दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या बाईला तो हवा असतो आणि त्यासाठी वेगळा वेळ तिला कोणी देत नाही.

लोक काय म्हणतील ही भीती मात्र खरी असते. ‘काहून मॅडम, गाडी बिघडली का जी?’ असे वाटेत थांबून विचारणारे प्रेमापोटीच विचारत, पण त्या प्रश्नामागे एक समज पक्का बसलेला आहे की नोकरी करणारा माणूस सायकलवर दिसला तर त्याच्यावर काहीतरी वेळ आली असली पाहिजे. हा समज ज्यांच्यावर अन्याय करतो त्यांची मला आधी कधी जाणीव नव्हती. त्या रस्त्याने बांधकामावर जाणारे मजूर सायकलने जातात, दूधवाले जातात, जिनिंगमध्ये पाळीला जाणारी माणसे जातात, म्हातारे शेतकरी विळा आणि डबा हँडलला अडकवून जातात, पोस्टमन जातात. ही सारी वर्षानुवर्षे कामावरच सायकलने जात आली आहेत. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्यांनी प्रवासाचे साधन कोणते ते नोंदवले होते, त्यात सायकलने जाणारे देशभरात अडीच कोटींहून अधिक होते, आणि त्याच जनगणनेत देशातील जवळपास ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. सरकारलाही हे माहीत आहे. सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता बंद करण्याची शिफारस केली होती, तरी केंद्र सरकारने २०१७ मध्ये पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी तो चालू ठेवला आणि महिना ९० रुपयांवरून १८० रुपये केला. तेव्हा मी जे मागते आहे ते नव्याने सायकल धरणाऱ्या माझ्यासारख्या एकटीसाठी मागत नाही. ज्यांनी सायकल कधी सोडलीच नाही आणि ज्यांना कधी कोणी विचारले नाही, त्यांचा हक्क माझ्याआधीचा आहे.

आता साइडपट्टीकडे येते. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेची जी नियमावली आहे, तिच्यात सपाट प्रदेशातील एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर आणि साइडपट्ट्यांसह एकूण रुंदी ७.५ मीटर धरलेली आहे. म्हणजे कागदावर दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.८७५ मीटर पट्टी आहे. पावणेचार मीटर डांबरावर समोरासमोर आलेल्या दोन वाहनांना एकमेकांना ओलांडायचे तर दोघांचेही एकेक चाक त्या पट्टीवर उतरावे लागते. ती पट्टी त्यासाठीच असते, आणि पायी जाणाऱ्यासाठी, बैलगाडीसाठी, सायकलसाठीही असते. प्रत्यक्षात आमच्या रस्त्यावर काय आहे? दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो आणि रस्ता तेवढा उंच होतो, पण साइडपट्टीवर त्या प्रमाणात मुरूम पडत नाही. जुना मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो आणि खालची काळी माती उघडी पडते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आमच्या भागातील लहान मुलालाही माहीत आहे. म्हणूनच तर पट्टीला मुरूम लागतो. परिणाम असा होतो की डांबराची कडा काही ठिकाणी चार-सहा बोटे आणि काही ठिकाणी त्याहून उंच, तुटलेली, दातेरी उभी राहते.

चारचाकीला या कडेचा धक्का बसतो, मोटारसायकलस्वार सावरतो, पण सायकलच्या बाबतीत ती कडा पाडणारीच असते. मागून टिप्पर हॉर्न वाजवत आला की सायकलस्वार खाली उतरतो, उतरणे सोपे असते. परत वर यायचे म्हटले की अरुंद चाक कडेला समांतर घासत राहते, हँडल वळवले तरी वर चढत नाही, आणि सायकल तिरपी होऊन माणूस डांबराच्या बाजूला, म्हणजे नेमका वाहनांच्या पुढ्यात पडतो. म्हणून जाणते सायकलस्वार तिथे उतरतात, सायकल उचलून वर घेतात आणि पुन्हा बसतात. मीही तेच करते. परंतु कामाची वेळ झालेला मजूर प्रत्येक वाहनाला असे उतरत नाही. तो डांबराच्या कडेवरच चालवत राहतो आणि मागचा चालक आपल्याला वाट देईल यावर विश्वास टाकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. यांतले किती अशा कडेवरून घसरले हे त्या आकड्यात कुठे लिहिलेले नसते. पोलिसांच्या कागदावर बहुधा अज्ञात वाहनाची धडक एवढेच येते.

कडेवर जे उगवते त्याचाही विचार झाला पाहिजे. आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ आणि नालीत बेशरम एवढी माजली आहे की वळणावर समोरचे दिसत नाही आणि उरलीसुरली पट्टीही झाकून जाते. ती तोडायला मजूर लावतात तेव्हा काट्यांचे ढीग रस्त्यालगतच टाकून जातात. वाऱ्याने ते डांबरावर येतात आणि पुढचे काही आठवडे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक सायकलची ट्यूब पंक्चर होते. शाळेत जाणाऱ्या मुली अशा वेळी सायकल हातात धरून तीन-चार किलोमीटर चालत येतात, हे मी हजेरीच्या वहीत उशिरा आलेल्यांची नावे लिहिताना पाहते. तोडलेल्या फांद्या उचलून नेणे हे त्याच कामाचा भाग असावे, एवढे कंत्राटात लिहायला काय हरकत आहे?

दिवाळीनंतरचे चार महिने कापसाचे असतात. बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कापसाने दोन्ही बाजूंना इतक्या फुगलेल्या असतात की त्या पूर्ण डांबर व्यापतात, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाच्या कामाने या पट्ट्यातील जड वाहतूकही वाढली आहे. रेल्वे आम्हाला हवीच आहे. तिची कितीतरी वर्षे वाट पाहिली आहे. पण वाढलेल्या वाहतुकीचा भार ज्या रस्त्यावर येतो त्याच्या कडेची काळजी कोणीतरी घेतली पाहिजे. कापसाच्या हंगामाआधी ऑक्टोबरात सोयाबीन आणि नंतर तूर रस्त्यावर वाळत घातलेली असते, तिच्याभोवती दगड मांडलेले असतात. मी स्वतः शेतकरी घरातली आहे आणि गावात पक्के खळे नाही म्हणून माणसे रस्त्यावर येतात हे जाणते. ग्रामपंचायतीने एक सामाईक सिमेंटचे खळे करून दिले तर शेतकऱ्याचाही माल वाचेल आणि रस्ताही मोकळा राहील. हिवाळ्यात सहा वाजताच अंधारते, शाळेतून निघायला उशीर झाला तर रोही (नीलगाय) आणि रानडुकरे रस्ता ओलांडताना भेटतात. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, चाकांच्या तारांत परावर्तक आणि पुढे चार्जिंगचा दिवा यांवर जो खर्च होतो तो टाळू नये, असे मी प्रत्येकीला सांगते.

पावसाळ्याबद्दल खरे ते सांगायला हवे. मुसळधार पावसात मी सायकलने जात नाही, आणि जावे असे कोणाला सांगणारही नाही. नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असेल तर पायीही जाऊ नये. परंतु आमच्याकडे पावसाळ्यातले उघडिपीचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवसांतही सायकल अडते ती काळ्या मातीमुळे. ओली काळी माती चाकाला चिकटते, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गच्च भरते आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. मग काडीने ती खरवडून काढावी लागते. गावातून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा खडीकरण झालेला असेल तर हे होत नाही. आमच्या गावाहून शाळेच्या गावाकडे शिवारातून एक पांदण जाते. ती रस्त्यापेक्षा जवळची आहे, तिच्यावर ट्रक नाहीत, दोन्ही कडांना कडुनिंब आणि पळस आहेत, आणि जानेवारी ते मे मी ती वापरली तेव्हा माझा अर्धा रस्ता सुरक्षित झाला. पावसाळ्यात मात्र तिच्यावरून बैलही जात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना जाहीर झाली, ती शेतमाल आणि यंत्रे शेतापर्यंत जावीत म्हणून. पांदण निवडताना ती दोन गावांना जोडते का, तिच्यावरून मुली शाळेला जाऊ शकतील का, हाही निकष लावला तर तेवढ्याच खर्चात सायकलचा एक स्वतंत्र मार्ग तयार होईल. वेगळा सायकल ट्रॅक बांधण्याइतका पैसा ग्रामीण भागाला मिळणार नाही हे मला कळते. आहे त्या पांदणीला खडी मिळावी.

उन्हाळ्याची धास्ती सर्वांना वाटते, कारण विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे ही नवलाई राहिलेली नाही. मी अनुभवाने सांगते की सकाळचा प्रवास मे महिन्यातही सुसह्य असतो आणि सारा प्रश्न परतीचा आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळपाळीत भरतात, तेव्हा साडेसातच्या आत पोचणे सोपे जाते, पण सुटण्याची वेळ नेमकी ऊन चढल्यानंतरची असते. सुती दुपट्टा ओला करून डोक्याला बांधणे, दोन बाटल्या पाणी, निघण्याआधी मीठ-साखरेचे पाणी किंवा कैरीचे पन्हे, आणि वाटेत दर दोन-तीन किलोमीटरवर सावलीत थांबणे, एवढे पाळले तरच हे जमते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत मी दुपारी सायकल शाळेतच ठेवून एसटीने परतले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन संध्याकाळी सायकल आणली. उष्माघाताची लक्षणे दिसत असताना हट्टाने चालवत राहणे हा शहाणपणा नाही. रस्त्याच्या रुंदीकरणात जी जुनी कडुनिंबाची आणि चिंचेची झाडे गेली, ती असती तर हा परतीचा रस्ता वेगळा झाला असता. नवीन लावताना शोभेची झाडे न लावता सावली धरणारी देशी झाडे लावावीत आणि पहिली तीन वर्षे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी कोणाकडे तरी लेखी असावी.

कामाच्या ठिकाणी फार काही लागत नाही. आमच्या शाळेत मुलींच्या सायकलींसाठी पत्र्याची शेड आहे, तिथे माझीही सायकल उभी राहते. पण तालुक्याच्या ठिकाणी इतर कार्यालयांत, बँकांत, दवाखान्यांत गेले तर चारचाकी आणि दुचाकी यांची जागा आखलेली असते आणि सायकल कुठे लावावी हे विचारले की भिंतीकडे बोट दाखवतात. उन्हात उभ्या सायकलची ट्यूब तापून फुटते. पत्र्याखाली पाच-दहा सायकलींची जागा, साखळी अडकवायला एक लोखंडी दांडी, भिंतीला टांगलेला एक हातपंप आणि बायकांना तोंड धुऊन कपडे नीट करता येतील असे स्वच्छ न्हाणीघर, एवढे प्रत्येक सरकारी कार्यालयाला सहज करता येण्यासारखे आहे. एसटी स्थानकावर सायकल ठेवण्याची राखणदार असलेली जागा असेल तर खेड्यातून सायकलने येऊन पुढे यवतमाळला किंवा अमरावतीला एसटीने जाणाऱ्यांचीही सोय होईल.

हे सर्व करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील कलम १३८ (१अ) ने बिनयंत्राची वाहने आणि पादचारी यांच्या रस्त्यावरील वावरासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे, आणि कलम २१०ड ने राष्ट्रीय महामार्ग वगळता इतर रस्त्यांच्या रचनेची, बांधणीची व देखभालीची मानके ठरवण्याचा अधिकारही राज्यालाच दिला आहे. या नियमांत साइडपट्टीची उंची डांबराच्या बरोबरीने राखणे सक्तीचे करावे. नवा थर टाकण्याच्या अंदाजपत्रकात मुरुमाचे काम वेगळे दाखवावे आणि ते झाल्याची खात्री केल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक देऊ नये. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्यांची पहिली पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी कंत्राटदारावरच असते आणि रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या फलकावर तिची माहिती असते. वाचकांनी तो फलक थांबून वाचावा, कडेचे छायाचित्र काढावे आणि ‘मेरी सडक’ या ॲपवर तक्रार नोंदवावी. इतर रस्त्यांसाठी ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाकडे पाठवता येतो. आमच्या रस्त्याबद्दल मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला तेव्हा ‘सायकलवाले आहेत तरी किती?’ असे मला विचारण्यात आले. त्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे अवघड नाही; सकाळी आठ ते अकरा एखाद्याने त्या फाट्यावर उभे राहून मोजावे. वाहनांची गणना करताना सायकलींचाही रकाना भरायचा असतोच, आणि तो हंगाम पाहून भरावा.

आता पावसाळा संपत आला आहे आणि रस्तेदुरुस्तीची कामे निघतील. कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आत, शाळा आणि बाजार असलेल्या प्रत्येक गावाच्या अलीकडील किमान तीन किलोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून घ्यावा अशी माझी मागणी आहे. हे काम स्थानिक मुरूम आणि स्थानिक मजूर यांवर होणारे आहे. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. वाचकांकडून तालुकानिहाय अशा धोक्याच्या कडांची ठिकाणे मागवून ती प्रसिद्ध करावीत, आणि दिवाळीनंतर त्याच ठिकाणी काय झाले तेही छापावे. आमच्या रस्त्यावरची ठिकाणे, किलोमीटरच्या दगडांच्या क्रमांकांसह आणि कडेची उंची टेपने मोजून, मी सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहून पाठवत आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
(शाळेतील लिपिक, जि. यवतमाळ)